पटीचं खूळ

गेल्या महिन्याभरात तीन वेगवेगळ्या माणसांनी मला एकच प्रश्न विचारला. एक ऑफिसातला, एक बायकोच्या मैत्रिणीचा नवरा आणि तिसरा पुण्याहून फोन करणारा माझा आतेभाऊ. प्रश्न असा: "रीफ टँकला कितीपटीचा पंप लावायचा?"

मी तिघांनाही म्हटलं, "आधी टाकीत दगड कसे रचलेत ते सांग." तिघेही नाराज झाले. त्यांना आकडा हवा होता. वीस म्हण, चाळीस म्हण, पण आकडा दे! आतेभाऊ तर म्हणाला, "तुला माहीत नसेल तर तसं सांग ना." म्हणून हा लेख. थोडा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

आमच्या नातेवाईक मंडळींसाठी आधी थोडी प्रस्तावना. (बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.) न्यू जर्सीच्या आमच्या घरात दिवाणखान्यात जी काचेची पेटी आहे, जिला आई "तुझा तो समुद्र" म्हणते, तिला रीफ टँक म्हणतात. त्यात खारं पाणी, दगड, चार मासे आणि प्रवाळ म्हणजे कोरल. प्रवाळ दिसतं झाडासारखं, पण तो प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं या प्राण्याला देतं. पाणी सतत हलतं राहावं म्हणून टाकीच्या आत काचेला चिकटवलेले छोटे पंखे असतात, त्यांना सर्क्युलेशन पंप म्हणायचं. झाली प्रस्तावना.

आता ही "पट" काय भानगड आहे? पंपाच्या खोक्यावर लिहिलेलं असतं की तो तासाला इतकं गॅलन पाणी फेकतो. त्या आकड्याला टाकीच्या गॅलननी भागायचं, की आली पट. माझी टाकी ७५ गॅलनची. त्यात तासाला १५०० गॅलनचे दोन पंप लावले तर ३००० भागिले ७५, म्हणजे चाळीसपट. दुकानात जा, कुठल्याही जुन्या हौशी माणसाला विचारा, ही पट मंत्रासारखी म्हणून दाखवतात. मऊ प्रवाळाला दहा ते वीसपट, कडक फांद्यांच्या प्रवाळाला चाळीसपट, जमलं तर आणखी. पंप कुठे लावायचा? "लावा कुठेही, कोपऱ्यात."

माझं म्हणणं असं की हा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. आणि तो सगळं सांगतो असं समजून वागलं की जीव जातात. उगीच मोठं बोलत नाहीये, माझ्या हातून गेलाय.

आधी हिशेब करू. माझी टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, एकवीस इंच उंच. चाळीसपट म्हणजे सेकंदाला साधारण सव्वातीन लिटरला थोडं कमी पाणी. हे पाणी टाकीच्या पूर्ण रुंदी-उंचीत सारखं पसरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चाललंय असं धरा. वेग किती येतो माहितीये? सेकंदाला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास. बस्स! ज्या चाळीसपटीचा एवढा दरारा, तिची सरासरी सव्वा सेंटिमीटर. खऱ्या प्रवाळ खडकावर लाटांनी पाणी सेकंदाला कितीतरी दहा सेंटिमीटर इकडून तिकडे होत असतं.

आणि त्याच वेळी, त्याच टाकीत, पंपाच्या तोंडासमोर पाण्याचा असा झोत असतो की हात धरला तर ढकलला जाईल. म्हणजे एकाच चाळीसपटीत एका जागी वादळ आणि दगडाच्या मागे डबकं, दोन्ही बसू शकतात. प्रत्यक्षात पंप आजूबाजूचंही पाणी ओढून सोबत नेतो, त्यामुळे सरासरी सव्वा सेंटिमीटरच्या वर जाते हे खरं. पण ती किती वर जाईल हे कशावर ठरतं? पंप कुठे लावलाय, त्याचं तोंड कुठे आहे आणि वाटेत काय आडवं येतंय, यावर. म्हणजे फिरून आपण जागेवरच आलो. खोक्यावरचा आकडा खोक्यावरच राहिला.

आता माझ्या गुन्ह्याची हकीगत.

२०१६ च्या मार्चमध्ये एका मित्रानं मला टॉर्च कोरलचा तुकडा दिला. पाच तोंडांचा. लांब लांब बोटं, टोकाला पिवळसर ठिपके, पाण्यात डुलायला लागली की लेक शाळेत जायची थांबून बघत बसायची. मित्राच्या टाकीत तो कित्येक वर्षं वाढला होता, एका तोंडाची पाच तोंडं व्हायला तेवढा वेळ गेला होता. त्यानं पैसे घेतले नाहीत. फक्त म्हणाला, "वाढला की तूही कुणाला तरी दे."

त्याच आठवड्यात मी दुकानात गेलो होतो. माझी पट वीस भरते हे ऐकून तिथला माणूस हळहळला. भला माणूस होता, फसवत नव्हता. त्यालाही कुणीतरी तेच शिकवलं होतं. मी दुसरा पंप घेऊन आलो आणि समोरच्या कोपऱ्यात चिकटवला. दोन्ही पंपांची तोंडं एकमेकांकडे. झाली चाळीसपट! त्या रात्री मी फार खूश होतो.

टॉर्च नव्या पंपापासून फूटभर अंतरावर होता. बोटं एका बाजूला आडवी झाली होती, वादळात माड वाकतात तशी. मला वाटलं, वा, काय फ्लो आहे! तिसऱ्या दिवशी बोटं आत गेली. मी पाणी तपासलं. खारटपणा ठीक, अमोनिया शून्य, नायट्रेट ठीक, कॅल्शियम ठीक. दिवे जास्त झाले असतील म्हणून दिव्यांचा वेळ कमी केला. पंपाकडे बोटसुद्धा दाखवलं नाही, कारण पंप तर आत्ताच "बरोबर" झाला होता ना. टॉर्चचा सांगाडा चुनखडीचा, कडा धारदार. झोतानं मांस सतत त्या कडांवर दाबलं जात होतं, घासलं जात होतं. एका तोंडाचं मांस फाटलं, मग त्यावर तपकिरी बुळबुळीत थर आला आणि चार दिवसांत पाचही तोंडं गेली. उरला पांढरा सांगाडा. लेकीनं विचारलं, "बाबा, तो का मेला?" मी म्हटलं, "माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं. मित्राला सांगायला मला दोन आठवडे लागले.

त्या उन्हाळ्यात मामा आमच्याकडे राहायला आला होता. मामानं जन्मभर पोस्टात नोकरी केली, पण लहानपण मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर गेलेलं. दुपारी इथे करायला काही नसायचं, मग टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचा. टॉर्च गेल्यावर मी तिथे लेदर कोरल ठेवला होता, तोही एका अंगाला कलला होता. मामा दोन दिवस बघत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "समुद्राचा पाणी येता तसा जाता पण. तुझा आपला नुसता येताच आसा."

मी हसलो. मग रात्री झोप येईना.

बघा ना. मासा काय करतो? झोत आवडला नाही तर दगडामागे जातो, भूक लागली की पुढे येतो. प्रवाळाला पाय नाहीत, पर नाहीत. जिथे चिकटलंय तिथेच. त्याच्याकडे जे येतं ते पाण्यानं येतं आणि जे जायला हवं ते पाण्यानंच जातं. अन्नाचे कण पाणी आणतं. रात्रीचा प्राणवायू पाणी आणतं. दिवसा अंगातलं शेवाळ इतका प्राणवायू तयार करतं की तोच जाच होतो, तो पाणी नेतं. अंगावर साठलेला चिकट स्राव आणि कचरा पाणी धुऊन नेतं. लेदर कोरल तर अधूनमधून अंगावर मेणचट पापुद्रा धरतो आणि तो निघून जायला चांगलं हलतं पाणी लागतं, नाहीतर खाली कुजायला सुरुवात होते.

शिवाय कुठल्याही पृष्ठभागाला लागून पाण्याचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. देवाणघेवाण सगळी त्या थरातून, मुंगीच्या पावलांनी. बाहेरचं पाणी जितकं खेळतं, तितका हा थर पातळ. म्हणून तीन फुटांवर पंप गरगरतोय याचा त्या प्रवाळाला काही उपयोग नाही. त्याच्या कातडीपाशी काय चाललंय, एवढंच त्याचं जग.

हे किती गंभीर आहे याचं एक उदाहरण. १९९८ साली जगभर समुद्र तापला आणि प्रवाळ पांढरं पडून मेलं. जपानच्या ओकिनावा बेटांवरही. पण सगळीकडे सारखं नाही. नाकामुरा आणि व्हॅन वोसिक या दोघांनी २००१ साली याबद्दल अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, जिथे पाणी जोरात वाहत होतं तिथलं प्रवाळ जास्त तगलं, आणि त्याचं निदान काही अंशी तरी कारण हीच देवाणघेवाण. तेच ऊन, तोच ताप, पण पाणी हलतं असल्यामुळे जगण्या-मरण्याचा फरक! आणि आपण तो विषय खोक्यावरच्या आकड्यावर सोडून द्यायचा?

बरं, समुद्रातलं पाणी नुसतं जोरात असतं असंही नाही. ते जातं, थांबतं, परत येतं. हवाईतल्या वायकीकी ॲक्वेरियममध्ये ब्रूस कार्लसन यांनी लाटेसाठी एक साधी युक्ती वापरली. टाकीच्या वर एक मोठं भांडं, त्यात छोटा पंप सावकाश पाणी भरतो. भरलं की वक्रनलिकेनं सगळं पाणी एकदम खाली धो धो येतं. मग पुन्हा भरायला सुरुवात. यात पट काढली तर किरकोळ निघेल. दुकानदार म्हणेल, पंप बदला.

तर मग मी काय केलं ते सांगतो. नवीन काही विकत घेतलं नाही.

एका रविवारी दगड बाहेर काढले. माझी रचना सगळे करतात तशी होती, मागच्या काचेला टेकवून उभारलेली भिंत. त्या भिंतीमागे बोटभर गाळ साठला होता, वास येत होता. ती मोडून दोन बेटं केली, मध्ये वाट, मागे वितभर मोकळी जागा, खाली पोकळी. पंपाचं काम निम्मं दगडच करतात किंवा बिघडवतात. हे कुणी मला सांगितलं नव्हतं, कारण दगडांच्या खोक्यावर पट लिहिलेली नसते. :)

मग पंप. समोरासमोर तोंडं करून दोन पंप चालवले की ते एकमेकांचा जोर खातात. मध्ये खळबळ होते, आणि काही कडक प्रवाळांना ती मानवतेही, पण टाकीतलं एकूण पाणी काही कुठे जात नाही. त्यापेक्षा एका वेळी एकच पंप, वरच्या बाजूला, लांबीच्या दिशेनं, समोरच्या काचेवर रोखलेला. पाणी वरून जातं, काचेला थडकून खाली वळतं, तळावरून परत येतं. मोठं चक्र तयार होतं आणि एकदा फिरायला लागलं की पंप फक्त त्याला ढकलत राहतो, झोपाळ्यासारखं. सहा तासांनी तो पंप बंद, दुसऱ्या टोकाचा चालू. चक्र उलटं. हार्डवेअरच्या दुकानातले दोन साधे टाइमर लावले. मामा म्हणाला ते झालं, पाणी यायलाही लागलं आणि जायलाही.

पंपाच्या थेट तोंडासमोर कुठलंच प्रवाळ नाही. पाणी काचेवर आपटून, फुटून, पसरून मग त्यांच्यापर्यंत जातं. पंपाचं तोंड किंचित वर, म्हणजे पृष्ठभाग थरथरता राहतो, कारण प्राणवायू तिथूनच पाण्यात जातो. वाळूत खड्डा पडायला लागला तर पंप फार खाली आहे, एवढं समजायचं.

आणि मोजायचं कसं? डोळ्यांनी! माशांना गोठवलेलं मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव) घालताना त्याचे कण कुठून कुठे जातात ते पाहा. कुठे सुसाट पळतात, कुठे रेंगाळतात, कुठे पडून राहतात. महिन्यातून एकदा रबरी फुग्याच्या लांब पिचकारीनं दगडांवर फुंकर मारा. जिथून धुरळा उठतो तिथे पाणी पोचत नाही. टॉर्चसारख्यांची बोटं डुलून परत यायला हवीत, एकाच बाजूला आडवी पडलेली नकोत. मशरूम कोरलला निवांत कोपरा, फांद्यांच्या ॲक्रोपोराला खळाळ. यातलं काहीही खोक्यावर लिहिलेलं नसतं. खुर्ची टाकून बसावं लागतं, मामासारखं.

आता गंमत बघा. दोन पंपांपैकी एका वेळी एकच चालतो, म्हणजे माझी पट चाळीसवरून पुन्हा वीस झाली! दगडांमागचा गाळ गेला, लेदर सरळ झाला आणि वर्षभरात दुप्पट पसरला. चाळीसपटीत जे मेलं असतं ते वीसपटीत वाढतंय. याचा अर्थ "वीस हा खरा आकडा" असा घेऊ नका हं, नाहीतर मी लिहिलेलं सगळं पाण्यात!

यावर माझे मित्र काय म्हणतात तेही सांगतो, उगीच एकतर्फी नको.

पहिला आक्षेप: नवख्या माणसाला काहीतरी आकडा द्यायलाच हवा, त्याशिवाय तो पंप कसा विकत घेणार? मान्य. ७५ गॅलनच्या टाकीत बोटभर पंप लावू नये एवढं पट सांगते, आणि कमी पाण्यानंही प्रवाळ मरतं, लाल चिकट थर धरतो, हे मी नाकारत नाही. पण मग आकडा देताना पुढचं वाक्यही द्या ना. डॉक्टर औषधाचं नाव सांगतो आणि पोटात घ्यायचं की अंगाला चोळायचं ते सांगत नाही, असं झालं का कधी?

दुसरा आक्षेप: अमक्याच्या टाकीत साठपट आहे आणि तिथलं प्रवाळ बघत राहावं असं आहे. असेल. त्याच्याकडे सगळं खळाळ मागणारं ॲक्रोपोरा असेल, आणि तो माणूस वीस वर्षं टाकीसमोर बसलेला असेल. त्याचे डोळे तुम्हाला मिळत नाहीत, आकडा तेवढा मिळतो.

तिसरा आक्षेप आजकालचा: आता पंप फोनवरून चालतात, लाटा, खाडी, वादळ, हवं ते बटण दाबा. चांगलं आहे, माझा विरोध नाही. वेग बदलता येणं ही मोठीच सोय. पण त्या फोनला तुमचा दगड कुठे आहे हे माहीत नाही. आणि सहा महिन्यांनी प्रवाळ वाढून पाण्याची वाट अडवेल, पंपाच्या पात्यांवर चुन्याचा थर बसून जोर कमी होईल, हेही तो सांगत नाही. पंप व्हिनेगरमध्ये भिजवून घासणं आणि दर वर्षी त्याची जागा पुन्हा शोधणं हे आपणच करायचं.

माझा राग पंपावर नाही, दुकानावरही नाही. "आकडा भरला, माझं काम संपलं" या वृत्तीवर आहे. जो जीव एक इंच सरकू शकत नाही त्याला आपण समुद्रातून, किंवा समुद्रातून आलेल्याच्या वंशातून, काचेत आणून ठेवलं. त्याची भरती-ओहोटी आता आपल्या हातात. ती भागाकारानं उरकायची?

आतेभावासाठी एक वेगळी सूचना, कारण फोनवर तो "मालवणहून दोन दगड आणू का" असं म्हणाला होता. अजिबात नाही! खडक बांधणारं सगळं कडक प्रवाळ २००१ सालापासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघासारखं. आणि मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. माझ्याकडचे तुकडे टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचे आहेत. तू खाऱ्या पाण्यातले मासे पाळ, साधे दगड रच, आणि पंप कुठे लावायचा ते शिक. पाणी कळलं की पुढचं बघू.

मित्रानं गेल्या वर्षी मला टॉर्चचा दुसरा तुकडा दिला, दोन तोंडांचा. या वेळी मी तो आठवडाभर तळाशी ठेवून नुसता बघितला, मग जागा ठरवली. आता तीन तोंडं झाली आहेत. पाच झाली की एक तुकडा त्या तिघांपैकी कुणाला तरी देईन म्हणतोय. अट एकच, घ्यायला येताना दगड कसे रचलेत त्याचा फोटो आणायचा.

असो. मामा, वाचतोयस ना? लेदर सरळ आहे.